मेंदूच्या सुजेवर संशोधन : पोटापाण्याचं काय?

प्रश्न : मुलगी सांगलीत टीवायबीएस्सीला आहे, विषय प्राणिशास्त्र. गेल्या वर्षी माझा भाऊ मोटारसायकलवरून पडला. दवाखान्यात नेताना बोलत होता, दुसऱ्या दिवशी बेशुद्ध झाला. मेंदूला सूज आली म्हणाले. वाचला, पण पूर्वीसारखा राहिला नाही. तेव्हापासून मुलीला ‘मार लागून गेल्यावर पेशी का मरतात’ हेच शिकायचंय. आम्ही बी.एड. म्हणतोय. काय करावं?

उत्तर : ताई, मुलीनं प्रश्न नेमका पकडलाय. डोकं आपटतं क्षणात, पण आतली पडझड पुढे कित्येक दिवस चालते. काही पेशी जागीच फुटतात. त्यांच्यातलं सांडलं की मायक्रोग्लिया या मेंदूच्या राखणदार पेशी खडबडून जाग्या होतात आणि दाह सुरू होतो. काही पेशी मात्र शिस्तीत मरतात. कॅस्पेज नावाची विकरं त्यांना आतून कापत जातात, पेशी आक्रसते, तिचे तुकडे पुडीत बांधल्यासारखे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. याला 1972 साली अपॉप्टोसिस हे नाव मिळालं. पुढे नेक्रोप्टोसिस, पायरोप्टोसिस असे प्रकार सापडले. त्यांत पेशी ठरवूनच मरते, पण फुटून मरते, आणि दाह आणखी भडकतो. दाहानं पेशी मरतात, मेलेल्या पेशींनी दाह वाढतो.

मग सूज उतरवायचं औषध द्यावं की! डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. क्रॅश नावाच्या चाचणीत डोक्याला मार लागलेल्यांना स्टिरॉइड देऊन पाहिलं. 20,000 रुग्ण घ्यायचे होते, 10,008 वरच थांबावं लागलं. औषध घेतलेल्यांपैकी 21.1 टक्के दोन आठवड्यांत दगावले, न घेतलेल्यांपैकी 17.9 टक्के. हा निकाल 2004 चा. मुलीला तो वाचायला द्या. वाचून हिरमुसली तर बी.एड.चं बोलू. ‘असं कसं झालं?’ म्हणून खोदत बसली, तर अडवू नका.

आता पैशाचं. एमएस्सीची दोन वर्षं, पीएचडीची पाच-सहा. नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. कायमची नोकरी तिशीच्या आत बहुधा नाही. लग्नाची घाई असेल तर हे घरात आत्ताच बोलून घ्या. एमएस्सीसाठी जॅम आणि गॅट-बी या प्रवेश परीक्षा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात असतानाही देता येतात. पुढे पीएचडीसाठी संस्था आहेत : मेंदू आणि मनाच्या आजारांवर काम करणारं बंगळुरूचं निम्हान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस). यातलं बरंचसं काम उंदरांवर चालतं. कॉलेजात हल्ली विच्छेदन जवळपास बंदच झालंय, तेव्हा तिचा हात त्याला धजेल का, हे तिलाच विचारा.

आणखी एक. तिच्या संशोधनाचा मामांना उपयोग होणार नाही, हे तिला कुणी सांगितलंय का? ते ऐकूनही तिला हेच करायचं असेल, तर पुढचं पत्र तिला स्वतः लिहू द्या.