रॉकेटने तासाभरात जगात कुठेही लष्करी सामान पोचेल का? भविष्यातली मालवाहू विमानं कशी असतील?

रॉकेटवर काम चालू आहे हे खरंय, अमेरिकन हवाई दलाने 2022 मध्ये स्पेसएक्सला त्यासाठी साधारण 10 कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. पण माझ्या मते ते अगदीच गळ्याशी आलं तर वापरायचं साधन राहील. रॉकेट उतरेल हो, पण ते उभंच राहतं, मग एवढ्या उंचावरून माल खाली घ्यायचा कसा, परत उडायला तिथे इंधन कुठून आणायचं, आणि समोरच्याच्या रडारवर ते क्षेपणास्त्रासारखं दिसलं तर?

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते इंधन. अमेरिकन हवाई दलाच्या एकूण जेट इंधनातलं निम्म्याहून जास्त मालवाहू आणि टँकर (दुसऱ्या विमानांना हवेतच इंधन देणारी) विमानंच पितात, म्हणजे इथे बचत झाली की तेवढ्याच टँकरमध्ये जास्त लांब जाता येतं आणि पुढच्या तळावर साठाही कमी लागतो. म्हणून जेटझिरो या अमेरिकन कंपनीच्या विमानाकडे लक्ष ठेवा. त्याचं पोट आणि पंख वेगळे नाहीत, सगळं अंगच विमानाला उचलून धरतं, त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो. हवाई दलाने 2023 मध्ये यासाठी 23.5 कोटी डॉलर मंजूर केले, पहिलं उड्डाण 2027 मध्ये करायचं ठरलंय आणि निदान 30 टक्के इंधन वाचेल असा दावा आहे. दावा खरा ठरतो का ते उडाल्यावरच कळेल, पण दिशा बरोबर आहे, कारण सी-17 या अमेरिकेच्या मोठ्या मालवाहू विमानाचं उत्पादन 2015 मध्येच थांबलं आणि आज ना उद्या त्याच्या जागी काहीतरी लागणारच.

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सी-17 जवळपास 77 टन माल नेतं पण त्याला साधारण एक किलोमीटर तरी धावपट्टी लागते, आणि शत्रू सगळ्यात आधी मारा करणार तो मोठ्या धावपट्ट्यांवरच. मग तळापासून पुढच्या चौकीपर्यंतचे शेवटचे पन्नास-शंभर किलोमीटर कसे जायचे? अफगाणिस्तानात ट्रकचे ताफे रस्त्यात पुरलेल्या स्फोटकांवर जायचे, माणसं मरायची. तिथे 2011 ते 2014 दरम्यान के-मॅक्स नावाचं पायलट नसलेलं हेलिकॉप्टर वापरलं आणि त्याने 45 लाख पौंडांहून जास्त, म्हणजे दोन हजार टनांच्या वर सामान पोचवलं. जीपीएसवर दिशा बदलत उतरणारी पॅराशूट तर आधीपासूनच वापरात आहेत. माझ्या हातात पैसा असता तर मी रॉकेटच्या आधी इथेच लावला असता, तेवढे ड्रायव्हर तरी त्या रस्त्यांवर पाठवावे लागणार नाहीत.