निरोधक की अवरोधक?

गंगापूर रोडवरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय: वटवाघळाच्या मेंदूतल्या श्रवणमार्गावर मराठीत टिपण लिहिते आहे. गाबा आणि ग्लायसीन या चेतापारेषकांना (चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या रसायनांना) इंग्रजीत 'इन्हिबिटरी' म्हणतात; मराठीत 'निरोधक' म्हणू की 'अवरोधक'? 'निरोध' म्हटलं की वर्गात हशा पिकतो.

ताई, पिकणारच. १९६८ पासून सरकारी कंडोमचं ते नाव आहे. तरीही 'निरोधक'च लिहा, असा माझा आग्रह आहे.

दोन्ही शब्द 'रुध्' धातूचेच, फरक उपसर्गाचा. अवरोध म्हणजे वाटेत आडवं येणं. कसारा घाटात दरड कोसळली की होतो तो अवरोध. निरोध म्हणजे आवरून धरणं, ताब्यात ठेवणं. चित्तवृत्तींचा निरोध म्हणतो तसा. आता चेतापेशीत काय घडतं ते बघा. गाबाचा रेणू 'गाबा-ए' ग्राहीला (पेशीवरच्या, तो रेणू ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला) चिकटला की त्या ग्राहीतलं दार उघडतं, क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात आणि पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही. ग्लायसीनच्या ग्राहीचंही तसंच. म्हणजे इथे वाट अडत नाही, उलट उघडते, आणि त्यामुळे पेशीला आवर बसतो! याला अवरोध कसं म्हणायचं? ('गाबा-बी' या गाबाच्या दुसऱ्या ग्राहीला स्वतःचं दार नसतं. तो पेशीतल्या प्रथिनांकरवी, जरा सावकाश, काम करतो. पण तोही आवरच घालतो.)

शिवाय 'अवरोधक' हा शब्द तुम्हाला पुढच्याच परिच्छेदात लागणार आहे. बायक्युक्युलिन हे रसायन गाबा-ए ग्राहीचं काम बंद पाडतं, स्ट्रिक्नीन ग्लायसीनच्या ग्राहीचं. हे खरे अवरोधक. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या काजऱ्याच्या, कुचल्याच्या बियांतलं विष. ते अंगात भिनलं की झटके येतात, कारण मज्जारज्जूतला ग्लायसीनचा आवर सुटतो. गाबालाही अवरोधक म्हटलंत, तर 'अवरोधकाचा अवरोधक' वाचून मुलं कुठे पोचतील?

वटवाघळाचं उदाहरण तर मला फार आवडतं. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या तपकिरी वटवाघळाच्या मध्यमेंदूत, इन्फिरिअर कॉलिक्युलस या श्रवणमार्गावरच्या भागात, काही पेशी ठरावीक कालावधीच्याच आवाजाला दाद देतात. त्याहून फार लांब किंवा आखूड आवाज झाला तर गप्प. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या पेशींपाशी असे अवरोधक सोडले, तेव्हा त्यांची ही निवड नाहीशी झाली. म्हणजे निरोधामुळे ऐकणं थांबत नाही, ते नेमकं होतं. 'अवरोधक' वाचणारा विद्यार्थी मात्र 'आवाज अडवणारं रसायन' असंच पाठ करेल. मुलांचं हसू दोन दिवसांत ओसरेल, पण चुकीचं चित्र डोक्यातून निघता निघत नाही.

वर्गात आधी 'आवर घालणारा' असं साध्या मराठीत सांगा, मग फळ्यावर 'निरोधक' लिहा. 'दमनकारी' मात्र नको, त्यात लाठीमार ऐकू येतो.

आणखी एक. तुमच्या मूळ प्रश्नात (वर तो थोडक्यात दिलाय) दोन ठिकाणी 'ग्लायसीन-ग्राहक' आलंय, ते 'ग्राही' करा. ग्राहक म्हटलं की मनात दुकान येतं. 'ग्राही' मुलांना 'गुणग्राही'मुळे ओळखीचा आहे. अनेकवचन बदलत नाही: एक ग्राही, तीन ग्राही, ग्राहीला, ग्राहींना.