नवऱ्याच्या आठवणीने हसू येतं, माझं काही चुकतंय का?

जोडीदार गेल्यानंतर माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका हा प्रश्न सहसा पहिल्या भेटीत विचारत नाहीत. आधी झोप, भूक, रक्तदाब यांवर बोलणं होतं. मग कधीतरी आवाज खाली जातो. "त्यांची आठवण आली की मला हसूच येतं. मी दगडाच्या काळजाची आहे का?"

सातारा जिल्ह्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काकूंचं वय पन्नाशीच्या पुढे. यजमान मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगावला भरती झाले, हवालदार म्हणून पेन्शनीवर आले आणि नंतर काही वर्षं बँकेत सुरक्षारक्षक होते. हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले.

माणूस भलताच गमत्या. सकाळी नातवंडांना अंगणात 'फॉल-इन' करून हजेरी घ्यायचे आणि जो दात घासून आला नसेल त्याला गोठ्याला एक चक्कर मारायची शिक्षा. म्हशीचं नाव 'सुभेदार मेजर', कारण तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या हातातला ढोल काढून घ्यायचे. पलटणीतल्या बड्या खान्यात, म्हणजे साहेब आणि जवानांच्या एकत्र मेजवानीत, साहेबांच्या देखत साहेबांचीच नक्कल केली आणि वर शाबासकी मिळवली, हा किस्सा तर सगळ्या भावकीला पाठ.

दहाव्याला कृष्णेकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. भावकीतली मंडळी एकेक शब्द देऊ लागली. पोराला तोडणार नाही, वहिनीला सांभाळू, नातीला शिकवू. कावळे झाडावरच. आणि काकूंना यजमानांचं बोलणं आठवलं. "माझ्या वेळेला उगाच आणाभाका घेत बसू नका. कँटीनची रम दाखवा, कावळा धावत येईल." तोंडात पदर कोंबूनही हसू फुटलंच. जावेने पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

त्या दिवसापासून काकूंनी नवऱ्याबद्दल बोलणंच सोडलं. जेवण निम्म्यावर आलं, रात्री जागरण. सुनेच्या हे लक्षात आलं आणि तीच त्यांना घेऊन आली. "ताई, मानूस गेलं आन् मी हसले," एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

मी त्यांना डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांच्या कामाबद्दल सांगितलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेली माणसं त्या नात्याबद्दल बोलत असताना त्यांचे चेहरे टिपले होते. बोलता बोलता जी मनापासून, डोळ्यांपर्यंत पोचेल असं हसली, त्यांच्यात राग आणि ताण कमी आढळला, आणि इतरांशी त्यांचं जुळतही बरं होतं. काकू ऐकत राहिल्या. मग विचारलं, "म्हंजे फॉरेनात बी बाया हसत्यात?" हसतात काकू. आणि त्याच बाया रात्री रडतातही.

विधवेने कसं दिसावं, किती बोलावं, यावर आपल्याकडे अजून पहारा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारनेही इतर गावांना तसंच करण्याचं आवाहन केलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे ठरावात मांडता येतं. हसण्यावरची बंदी कुठेच लिहिलेली नसते, म्हणून ती बाई स्वतःच स्वतःवर घालून घेते. मला ही बंदी फार क्रूर वाटते.

मुलाची अडचण वेगळी होती. वर्षश्राद्धाला त्याला चौकात मोठा फलक लावायचा होता. गणवेशातला करारी फोटो, खाली 'वीर जवान'. किस्से नकोत, असं त्याने आईला बजावलं होतं. एकदा तो बोलायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, लोकांनी बाबांना विदूषक समजू नये." वडील गेल्यापासून हा मुलगा कागदांच्याच मागे होता. कुटुंब निवृत्तिवेतन, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. कधी दुःखाला सामोरा जातो, कधी पुढच्या कामात शिरतो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. मुलाची ये-जा थांबली होती. कामाच्या बाजूला तो अडकून पडला होता. फलकाची बाब मी त्याच्यावरच सोडली. वडिलांनी त्याला कशावरून हसवलं होतं, एवढंच विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग रडला.

काकूंचा खरा प्रश्न त्यानंतर बाहेर आला. तरुणपणी यजमान भारताने पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. १९८७ ते १९९० च्या त्या मोहिमेत अकराशेहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. घरी मात्र त्यांनी नारळाच्या झाडावरून कोण कसा पडला, एवढंच सांगितलं. पण कित्येक वर्षं ते मध्यरात्री उठून दाराची कडी तपासायचे, अंगणात उभे राहायचे आणि सकाळी पुन्हा थट्टा सुरू. "मंग त्यांचं हसनं खोटं हुतं का, ताई?"

मला तसं वाटत नाही, आणि मी ते स्पष्ट सांगितलं. माजी सैनिकांच्या घरांत हे मी पाहिलं आहे. जे सांगवत नाही ते बाजूला ठेवून माणूस उरलेलं आयुष्य भरभरून जगतो. रात्रीची कडी त्यांची होती आणि सकाळचं फॉल-इनही त्यांचंच. तेव्हा कुणाची मदत मिळाली असती तर रात्री थोड्या सोप्या झाल्या असत्या, हेही मी लपवलं नाही. तुमच्या घरात असा माजी सैनिक असेल तर त्याची थट्टा ऐकाच, पण झोपेचीही चौकशी करा. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. जोडीदार जाऊन वर्ष उलटलं तरी रोजचे व्यवहार ठप्प असतील, जगण्यातच राम वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. हसू येतं म्हणून कुणालाच दाखवायला नेण्याची गरज नाही.

पुढे काकू किस्से सांगू लागल्या आणि नात वहीत उतरवू लागली. म्हशीचा, ढोलाचा, रमचाही. वर्षश्राद्धाला फलक लागला, आणि जेवणानंतर ती वही वाचली गेली. जाऊबाईसुद्धा हसल्या. पलटणीतले एक जुने सोबती आले होते. त्यांनी श्रीलंकेतली एक रात्र सांगितली. सुरुंगस्फोटात पलटणीतला दोस्त गेलेल्या एका पोराजवळ काकूंचे यजमान पहाटेपर्यंत बसून होते, एकही विनोद न करता. काकूंना हे ठाऊकच नव्हतं. पुढच्या भेटीला त्या रागावूनच आल्या. "मला का न्हाई सांगितलं कधी?" सध्या आम्ही त्या रागावर बोलतो आहोत.