गाडी सारखी गरम होते. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू. काढावा का, की घरी नवीन बसवता येईल?

काढून तशीच गाडी चालवू नका, नवीन बसवा. साध्या पान्यांची सवय असेल तर घरी जमतं. मी माझ्या गाडीचा घरीच बदलतो.

थर्मोस्टॅटच्या आत मेण असतं. साधारण ८२ ते ९० अंशांना ते वितळून फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच नसेल तर इंजिनाला योग्य तापमानावर यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही. काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहते, बरंचसं कूलंट रेडिएटर टाळूनच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

पण दोष थर्मोस्टॅटचाच आहे का, हे आधी बघा. कूलंटची पातळी तपासा. गाडी गरम झाल्यावर रेडिएटरचा वरचा होस (रबरी पाइप) चटका देतोय आणि खालचा गारच आहे, तर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकल्याची शक्यता मोठी. (होसना हात लावताना पंखा आणि बेल्टपासून लांब राहा, पंखा अचानक सुरू होतो.) फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर मी आधी पंखा बघेन. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झालं असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या, तिथे थर्मोस्टॅट बदलून काही होणार नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका, कितीही घाई असली तरी. आत दाब असतो, उकळतं कूलंट थेट अंगावर येतं.

काम अवघड नाही. कूलंट भांड्यात काढून घ्या, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे (कव्हरचे) बोल्ट सोडा, जुनं गॅस्केट नखाएवढंही न ठेवता खरवडा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि छोटी हवेची झडप असेल तर ती वर. नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी मी गरम पाण्यात धरून उघडतोय का ते बघतो. बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळा, ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात.

नवशिक्यांचं काम फसतं ते हवा काढताना. कंपनीने सांगितलेलं कूलंट हळूहळू भरा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. हीटरमधून गार हवा येत असेल तर आत अजून हवा अडकलीये. गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघून कमी असेल तेवढं भरा.