चित्रकला बेताची असेल तर माध्यमिक शाळेत 'प्रॉडक्ट डिझाइन आणि वर्कशॉप' हा विषय घ्यावा का?

मुलीला घेऊ द्या. मी शाळेत दोन वर्षं हा विषय शिकलो आणि आज प्लास्टिकच्या वस्तूंचे सुटे भाग डिझाइन करतो. शाळेत शिकलेल्यापैकी रोज उपयोगी पडतं ते बहुतेक त्या वर्कशॉपमधलंच.

तुम्ही दोन शंका लिहिल्या आहेत: मुलीची चित्रकला बेताची आहे, आणि बाकीच्या अभ्यासाचा वेळ यात जाईल. पहिली काळजी सोडून द्या. इथं चित्र सुंदर असावं लागत नाही, ते दुसऱ्याला वाचता यावं लागतं. वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसते ते काढायचं आणि मापं नीट लिहायची. त्या कागदावरून वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तीच वस्तू बनवता आली, तर चित्र जमलं. हे सरावानं येतं.

खरी कसोटी कागदावरची वस्तू हातात येताना लागते. माझा पहिला पेन्सिलींचा डबा प्लायवुडचा होता. एका फळीचे दाते दुसरीच्या खाचांत बसतील असं मी कॉम्प्युटरवर काढलं. प्लाय 3 मिमीचं, म्हणून खाचाही 3 मिमीच्या. लेझरनं कापून आणलं तर सगळं खुळखुळत होतं. बाईंनी काही न बोलता व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी बारकाईनं मोजायचं साधन, हातात दिला. प्लाय नावाला 3, मोजलं तर 2.7 मिमी! शिवाय लेझरही कापताना थोडं लाकूड जाळतो, त्यानं खाचा आणखी 0.2 मिमीनं रुंद झालेल्या. म्हणजे अर्धा मिलिमीटर ढिलेपणा, आणि एवढ्यात डबा उभा राहत नाही. मग एका उरलेल्या पट्टीवर 2.3 पासून 2.7 पर्यंत पाच खाचा कापून पाहिल्या. 2.5 ची खाच घट्ट बसली. अजूनही नवा भाग करताना मी आधी अशी चाचणीची पट्टी करतो.

साहित्याचा स्वभावही असाच हाताला कळतो. लाकूड दमट हवेत फुगतं, पण त्याच्या अंगावरच्या रेषांच्या दिशेनं जवळजवळ नाहीच, आडवं मात्र बरंच. म्हणून रुंद फळी चारी बाजूंनी जखडून टाकली की कधीतरी तडकते. पुस्तकात ही एक ओळ असते. स्वतः रंधा मारलेली फळी तडकली की मात्र ती कायमची लक्षात राहते.

आणि हे निव्वळ सुतारकाम नाही. सुरुवात माणसापासून होते. बरणीचं झाकण उघडायचं साधन करायचं, तर आधी ज्यांच्या हातात जोर कमी आहे त्यांना बरणी उघडताना बघत बसायचं. त्या साधनाची मूठ केवढी ठेवायची? साधारणपणे सगळ्यात लहान 5 टक्के आणि सगळ्यात मोठे 5 टक्के हात सोडून मधल्या 90 टक्क्यांना जमेल अशी मापं घेतात. पण इथं ज्यांच्यासाठी वस्तू करायची, तेच नेमके कडेच्या 5 टक्क्यांत असू शकतात. हा विचार चौदाव्या-पंधराव्या वर्षी करायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

वेळेबद्दलची तुमची शंका खरी आहे. वेळ जातो, आणि कापाकापीपेक्षा प्रकल्पाच्या वहीत जास्त जातो. काय बदललं आणि का बदललं, हे त्यात लिहावं लागतं. मुलं फसलेले नमुने फेकून देतात आणि शेवटी सुबक फोटो चिकटवतात. परीक्षकाला मग प्रवास दिसतच नाही. तिला सांगा, प्रत्येक फसलेल्या तुकड्याचा त्याच दिवशी फोटो काढायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या. शेवटच्या महिन्यातली धावपळ निम्मी होईल.

यंत्रांची भीती वाटत असेल तर शाळेत जाऊन वर्कशॉप बघून या. मुलांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे आहेत का, केस बांधलेले आहेत का, यंत्र बंद करायचं लाल बटण हाताशी आहे का, हे बघा. ड्रिलच्या यंत्रावर मात्र हातमोजे घातलेले नसावेत, कारण फिरतं ड्रिल हातमोजा पकडून हातच आत ओढतं.

फॉर्म भरण्याआधी घरी एक करून बघा. तिला पुठ्ठा, कटर आणि पट्टी द्या आणि मोबाइल उभा राहील असा स्टँड करायला सांगा. पहिला बहुतेक पडेल. त्यानंतर ती दुसरा पुठ्ठा मागायला आली, तर फॉर्म भरून टाका.