टेकडी सुईसारखी दिसतेय? आधी एककं बघा

घाबरू नका, सिव्हिल थ्रीडीत (रस्ते, मातीकाम यांच्या आराखड्यांचं सॉफ्टवेअर) पहिल्यांदा भूभाग आणताना बहुतेकांची टेकडी अशीच सुईसारखी उभी राहते. डेटा बिघडलेला नाही. आडवे अंक (रेखांश, अक्षांश) अंशांत आहेत आणि उंची मीटरमध्ये, म्हणून अख्खं पुणे एका एककात मावतं आणि सिंहगड १,३०० एककं वर जातो.

सुरुवातीला एवढंच करा:

- एका कोपऱ्याचे अंक वाचा. ७३.८५, १८.५२ असं दिसलं तर ते अंश. हाच बिंदू यूटीएम (पृथ्वीचे पट्टे म्हणजे झोन पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) झोन ४३ उत्तरमध्ये साधारण ३,७८,६०० आणि २०,४८,१०० असा यायला हवा.
- क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ‘वार्प’ वापरून आधी प्रक्षेपण बदला (म्हणजे अंशांचे अंक यूटीएमच्या मीटरमध्ये आणा), मगच सिव्हिल थ्रीडीत आयात करा. (नागपूरचं काम असेल तर झोन ४४. ७८ अंश रेखांशाला झोन बदलतो.)
- ड्रॉइंग मीटरच्या टेम्प्लेटवर सुरू करा. इम्पीरियल टेम्प्लेट फुटांचं असतं.

एक चूक मात्र अजिबात करू नका: उंची तशीच ठेवून आडवे अंक सरसकट १,११,००० ने स्केल करणं (एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, असं धरून). मीही सुरुवातीला ते केलं होतं आणि चित्र अगदी बरोबर वाटलं होतं! पण पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०५.५ किलोमीटरचाच भरतो. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर पाच टक्के ताणलं जातं, उतार चुकतात आणि पुढे मातीकामाचं सगळं गणित फसतं.

आयात झाल्यावर ओळखीच्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजा. डेटम, जिऑइड (जागा आणि उंची कशापासून मोजायची याचे संदर्भ) सध्या राहू द्या. आधी हे अंतर जुळलं का ते कळवा.