पोरगं म्हणतंय, बाईक रेसरच होणार!

प्रश्न : माझा मुलगा 17 वर्षांचा आहे, बारावीला. दिवसभर मोटोजीपीचे (बाईक रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप) व्हिडिओ बघतो, बाईक रेसिंगमध्येच करिअर करणार म्हणतो आणि त्यासाठी 400 सीसीची गाडी मागतोय. रात्री मित्राची गाडी घेऊन हायवेला जातो हे कळल्यापासून माझी झोप उडालीय. त्याचे बाबा तर विषयच काढू देत नाहीत. यात खरंच करिअर असतं का? – एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी हायवेचं बोलूया कारण ते आजच्या आज थांबायला पाहिजे. 17 व्या वर्षी गिअरच्या गाडीचं लायसन्सच मिळत नाही, म्हणजे उद्या काही झालं तर इन्शुरन्सपासून पोलीस केसपर्यंत सगळं तुमच्या अंगावर येणार. आणि शिरोली ते कागल रात्री गाडी ताणणं म्हणजे रेसिंगची प्रॅक्टिस नव्हे. हंगामात टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली कुठं उभी असेल सांगता येत नाही. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, वळणावळणावर झेंडे घेतलेले मार्शल असतात, पडलं तर घसरत जायला मोकळी जागा असते, ॲम्ब्युलन्स तयार उभी असते. तरीही धोका असतो. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर 13 वर्षांचा एक गुणी रायडर रेसमध्ये पडून मरण पावला. हे लपवून तुम्हाला सल्ला देणं मला पटत नाही.

आता करिअरचं. आहे, पण वाट अरुंद आहे आणि कोल्हापुरातून लांब आहे. आपल्याकडं मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, नॅशनल कार्टिंगच्या रेस तिथं झाल्यात, पण बाईकच्या नॅशनल चॅम्पियनशिपचं खरं घर म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा ट्रॅक, दुसरा कोइमतूरचा कारी स्पीडवे, दोन्ही आपल्यापासून नऊशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळं 400 ची गाडी घेऊन देऊ नका. तेच पैसे ट्रेनिंग स्कूल आणि सेफ्टी गिअरला ठेवा. मान्यताप्राप्त स्कूलचं ट्रेनिंग, मेडिकल आणि 18 च्या आत असल्यामुळं तुमची सही, यावर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, स्पर्धेचं लायसन्स निघतं. पुढं टीव्हीएस, होंडा यांच्या वन-मेक रेस असतात, त्यात सगळ्यांना सारखीच गाडी, तीही कंपनीनं तयार केलेली, म्हणून कोणाच्या बापाकडं किती पैसा आहे यापेक्षा हात कोणाचा चांगला हे जास्त दिसतं. रूकींसाठी, म्हणजे नवख्या रायडरसाठी, सिलेक्शन असतं, त्यावर नजर ठेवा.

वयाचंही खरं सांगते. मोटोजीपीत पोचणारी पोरं सात-आठ वर्षांची असताना छोट्या बाईकवर बसलेली असतात. 17 व्या वर्षी सुरू करून तिथं जायचं म्हणजे फार म्हणजे फारच अवघड. पण नॅशनल, आणि चांगला असेल तर एशिया रोड रेसिंग, हे स्वप्न खोटं नाही, आपली भारतीय पोरं तिथं पळतायत. फक्त पहिली काही वर्षं घरातून पैसे जाणार, येणार नाहीत, हे बाबांना आधीच सांगा, मागाहून भांडणं नकोत.

त्याला एकच गोष्ट विचारा, ब्रेक कसा सोडतोस? सरळ रस्त्यावर पिळायला कुणालाही येतं. रेसर ओळखायचा तो वळणात शिरताना, गाडी जसजशी कलते तसतसा पुढचा ब्रेक हळूहळू सोडत न्यायचा, एकदम सोडला तर पुढचा शॉक उसळतो आणि गाडी लाइन सोडून बाहेर जाते, जास्त धरला तर पुढचं चाक सटकतं. हे एकदा नाही, प्रत्येक लॅपला, हात भरून आलेले असताना जमायला लागतं. म्हणून आतापासून तालमीत पाठवा, जोर-बैठका मारू देत, वजन मात्र वाढू देऊ नका.

आणि मोटोजीपीच्या मार्क मार्केझचं बाबांना जरूर सांगा. 2020 ला स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकला दंडाचं हाड मोडलं, त्यावर चार ऑपरेशन झाली, सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिला, 2025 ला गडी परत वर्ल्ड चॅम्पियन. पण मधली पाच वर्षं काय वेदनेत गेली तेही सांगा. बारावी तर पूर्ण करायचीच, आणि उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजला सुट्टीत बसवा. रेसची गाडी म्हणजे आरसे-हेडलाइट काढायचे, ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून सेफ्टी वायर बांधायची, म्हणजे बोल्ट ढिला होऊन ट्रॅकवर ऑइल सांडत नाही. ज्याला असली कामं येतात त्याला रायडर नाही झाला तरी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवर टीम गाड्या तयार करतात तिथं, काम मिळू शकतं.

प्रश्न : मी 24 वर्षांचा, गगनबावडा रोडला रोज जाणं-येणं आहे, घाटात माझ्याएवढं कोणी पळवत नाही. मला उशीर झाला का? – एक वाचक, कळे

उत्तर : भावा, घाटात पुढं कोण आहे ते वळणापलीकडं दिसत नाही, तिथं पहिला नंबर नसतोच. ट्रॅक रेसिंगला उशीर झालाय, रॅलीला नाही. सी. एस. संतोषनं 2015 ला डकार ही वाळवंटातली अवघड रॅली बाईकवर पूर्ण केली, पहिला भारतीय. हरिथ नोआनं 2024 ला तिथंच रॅली-2 नावाचा बाईकचा क्लास जिंकला, ऐश्वर्या पिसेनं 2019 ला बाहा, म्हणजे छोट्या ऑफ-रोड रॅलींच्या, वर्ल्ड कपमध्ये महिलांचं टायटल आणलं. सगळी मातीवरची माणसं. तू एक जुनी हलकी डर्ट बाईक घे, चांगले बूट, नी-गार्ड, हेल्मेट घे आणि ओळखीच्याच्या मोकळ्या रानात परवानगी काढून पहिले काही महिने उभं राहून चालवायला शीक. पुण्यात डर्टच्या रेस होतात, त्यातल्या नवशिक्यांच्या क्लासला पहिली एंट्री टाक.